सिरप संपलंय, घरात ६२५ची गोळी आहे, अर्धी कुटून देऊ का?

तुमचा प्रश्न आधी परत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. मुलगी साडेचार वर्षांची, वजन १४ किलो, कानाच्या इन्फेक्शनसाठी डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचं ४५७वालं ड्राय सिरप (पावडरमध्ये पाणी कालवून करायचं असतं ते) दिलंय, ४ मिली सकाळ-संध्याकाळ, ७ दिवस. आज चौथा दिवस आणि संध्याकाळी बाटलीतून जेमतेम अर्धा डोस निघाला. घरात तुमच्या दाढदुखीच्या वेळच्या ६२५च्या चार गोळ्या पडल्यात, औषध तेच आहे, तर अर्धी कुटून साखरेच्या पाण्यातून दिली तर चालेल का. आणि शेवटी हळूच विचारलंय की ताप तर दोन दिवसांपूर्वीच उतरला, मग पुढचं द्यायलाच हवं का.

अर्धी गोळी देऊ नका. दुसरी बाटली आणा, त्याच स्ट्रेंथची, म्हणजे दर ५ मिलीत तेवढंच औषध असलेली. आता का ते सविस्तर सांगते, कारण नुसतं नको म्हटलं की माणूस पुढच्या वेळी परत तिथेच अडकतो. मी फार्मासिस्ट आहे, तेवीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला उभी आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात मला दर आठवड्याला भेटतो.

पहिलं म्हणजे तुमचं काही चुकलेलं नाही, बाटलीच पुरणारी नव्हती. ३० मिलीची बाटली, दिवसाला ८ मिली, म्हणजे पावणेचार दिवस. सात दिवसांना ५६ मिली लागतात, म्हणजे दोन बाटल्या. हे खरं तर बाटली देणाऱ्याने तिथेच सांगायला हवं होतं. मी स्वतः दिवस गुणिले मिली हा हिशेब केल्याशिवाय ड्राय सिरप हातात देत नाही, पण गर्दीत हे राहतं हेही खरं आहे, म्हणून तुम्हीच विचारायची सवय लावून घ्या, की एवढे दिवस द्यायचंय, ही एक बाटली पुरेल का.

आता मूळ मुद्दा. तुम्ही म्हणताय औषध तेच आहे. नाव तेच आहे. पण या औषधात दोन घटक असतात आणि बाटलीवरचा किंवा गोळीवरचा मोठा आकडा ही त्या दोघांची बेरीज असते, हे बहुतेकांना माहीतच नसतं. ६२५ म्हणजे ५०० मिग्रॅ अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिग्रॅ क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. ३७५ म्हणजे २५० आणि १२५. मोठी १०००ची गोळी म्हणजे ८७५ आणि १२५. बघा, तिन्ही गोळ्यांत दुसरा घटक १२५च आहे, बदलतोय तो पहिला. आणि तुमचं ४५७वालं सिरप म्हणजे दर ५ मिलीमागे ४०० आणि ५७.

या दोघांची कामं वेगळी आहेत. जंतू मारतं ते अमॉक्सिसिलिन. काही जंतू त्याला तोडणारं एन्झाइम तयार करतात, त्या एन्झाइमला अडवून ठेवायचं काम क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचं, त्याची स्वतःची जंतू मारायची ताकद फारशी नाही. आणि पोट बिघडवण्यात, जुलाब लावण्यात त्याचा हात मोठा. म्हणून लहान मुलांच्या सिरपमध्ये त्याचं प्रमाण मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. तुमच्या सिरपमध्ये सात भागाला एक भाग, ६२५च्या गोळीत चार भागाला एक भाग.

आता तुमच्याच मुलीचा हिशेब करू. ४ मिली सिरप म्हणजे ३२० मिग्रॅ अमॉक्सिसिलिन आणि साधारण ४६ मिग्रॅ क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. अर्धी ६२५ म्हणजे २५० आणि ६२.५. दिवसाचं धरलं तर डॉक्टरांनी सांगितलं होतं ६४० आणि ९१, तुम्ही दिलं असतं ५०० आणि १२५. म्हणजे ज्याने कान बरा व्हायचा ते कमी पडलं आणि ज्याने जुलाब लागतात ते जास्त गेलं. दोन्ही बाजूंनी नुकसान. बरं गोळी बरोबर अर्धी झाली असती असं धरून हा हिशेब आहे. चाकूने गोळी तोडली की एक तुकडा मोठा, एक छोटा, थोडा चुरा ताटलीत, आणि उरलेला अर्धा तुकडा उघडा ठेवला की हवेतल्या दमटपणाने क्लॅव्हुलॅनिक ॲसिड खराब व्हायला लागतं, ते पाण्याला फारच नाजूक आहे. त्या गोळ्या ज्या जाड फॉइलमध्ये येतात ना, ते उगाच नाही. काही ब्रँडमध्ये पट्टीच्या बाहेर एक पाकीट असतं आणि आत दमटपणा शोषणारी छोटी पुडी, तीही याचसाठी.

हाच हिशेब मोठ्यांनाही लागू आहे. ६२५ मिळाली नाही तर ३७५च्या दोन घेतल्या, असं खूप जण करतात. दोन ३७५ म्हणजे ५०० अमॉक्सिसिलिन, पण क्लॅव्हुलॅनिक ॲसिड २५०, दुप्पट. दोन छोट्या मिळून एक मोठी होत नाही इथे.

यात परिस्थितीवर अवलंबून काय आहे तेही सांगते, नाहीतर कोणीतरी वरचे आकडे उचलून आपल्या मुलाला लावेल. मुलांचा डोस वजनावर ठरतो आणि वजनाबरोबर आजारावरही. तुमच्या मुलीचा डोस किलोमागे दिवसाला साधारण ४५ मिग्रॅ अमॉक्सिसिलिन एवढा आहे. पण कानाच्याच इन्फेक्शनला काही वेळा डॉक्टर किलोमागे ८० ते ९० देतात, जंतू दाद देत नसतील किंवा नुकतंच आधी अँटिबायोटिक झालं असेल तर, आणि त्यासाठी क्लॅव्हुलॅनिक ॲसिड आणखी कमी असलेलं वेगळं सिरप मिळतं. किडनीचा त्रास असेल तर डोस उलट कमी करावा लागतो. म्हणजे शेजारच्या मुलाला तेवढ्याच वजनाला वेगळे मिली लिहिले असतील तर दोघांचेही डॉक्टर बरोबर असू शकतात. म्हणून माझे आकडे हे का नको ते समजण्यासाठी आहेत, डोस ठरवण्यासाठी नाहीत.

आणि मिली हा डोस नाहीच मुळी. डोस असतो मिलिग्रॅममध्ये, मिली म्हणजे फक्त तो किती पाण्यात कालवलाय. हे मला शिकवलं ते माझ्याच एका चुकीने. नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती, चिठ्ठीवर ४००ची स्ट्रेंथ होती, स्टॉकमध्ये २००ची होती, मी डॉक्टरांना न विचारताच तीच दिली आणि आईला सांगितलं की ही अर्ध्या ताकदीची आहे, दुप्पट मिली द्या, बाटलीवर चिठ्ठीही चिकटवली. घरी मुलाला औषध द्यायचे आजोबा, त्यांच्या हातात डॉक्टरांचा कागद, त्यावर लिहिलेलं ५ मिली. फ्रिजमध्ये ठेवून माझी चिठ्ठी ओली होऊन गळून पडली होती. चार दिवस त्या पोराला अर्धाच डोस गेला, कान परत ठणकायला लागला आणि ती आई रात्री नऊ वाजता त्याला कडेवर घेऊन काउंटरसमोर उभी, तो कानावर हात दाबून रडतोय. त्या दिवसापासून स्ट्रेंथ बदलायची वेळ आली तर मी आधी डॉक्टरांना फोन करते आणि मूळ कागदावरचे मिली त्यांच्या सांगण्यावरून खोडून नवे लिहून देते, घरातली सगळी माणसं तोच कागद बघतात म्हणून. तुम्ही दुसरी बाटली आणाल तेव्हा पहिली रिकामी बाटली बरोबर न्या आणि दोन्हींची लेबलं शेजारी धरून बघा, दर ५ मिलीमागे ४०० आणि ५७ हे दोन आकडे जुळायला हवेत. कंपनी वेगळी असली तर चालतं, आकडे वेगळे असतील तर तुमचे ४ मिली बदलतात.

याहून मोठा फरक ड्रॉप्स आणि सिरपमध्ये असतो. साध्या अमॉक्सिसिलिनचे ड्रॉप्स १ मिलीत १०० मिग्रॅचे येतात आणि सिरप ५ मिलीत १२५चं, म्हणजे १ मिलीत २५. चौपट! लहान बाळाला ड्रॉप्स द्यायचे आणि कोणीतरी सिरपसारखे चमचाभर दिले, किंवा उलटं, सिरप ड्रॉपरने थेंब मोजून दिलं, असं होतं. ज्या बाटलीबरोबर जो ड्रॉपर किंवा माप आलंय ते त्याच बाटलीचं, दुसऱ्या औषधाला वापरायचं नाही.

मापाचा विषय निघालाच तर, तुम्ही लिहिलंय ४ मिली म्हणजे पाऊण चमचा असं धरून देताय. घरातला चमचा सोडून द्या. कुठला ३ मिलीचा असतो कुठला ७चा, आणि पाऊण कोण मोजणार. सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज घ्या, ओरल सिरिंज मिळाली तर उत्तमच, त्यावर ४ची रेघ स्पष्ट असते. गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं, घशात जोरात नाही, ठसका लागतो.

आता पावडर कालवण्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण नवीन बाटली तुम्हाला घरी कालवावी लागेल आणि निम्म्या चुका इथेच होतात. आधी बंद बाटली उलटीसुलटी करून, तळहातावर आपटून पावडर मोकळी करायची. मग उकळून पूर्ण गार केलेलं पाणी, किंवा बाटलीबरोबर पाण्याची छोटी कुपी आली असेल तर तेच, अर्ध्याहून थोडं जास्त घालायचं, झाकण लावून जोरात हलवायचं. फेस येतो. फेस बसेपर्यंत थांबायचं, बाटली टेबलावर ठेवायची, पाणी कुठपर्यंत भरायचं ते दाखवणारी बाणाची रेघ बाटलीवर असते, डोळे त्या रेघेच्या पातळीला आणून बघायचं. पातळी खाली गेलेली दिसेल. मग रेघेपर्यंत उरलेलं पाणी, परत हलवायचं. (कुपी बरोबर आली असेल तर त्या पाकिटावर लिहिलेलं असेल तसं करा, काहींमध्ये सगळी कुपी घालायची असते.) एकदम रेघेपर्यंत पाणी भरलं की तळाशी गोळा राहतो, सुरुवातीचे डोस पांचट आणि शेवटचे घट्ट जातात. एकांनी माझ्याकडे गळ्यापर्यंत पाणी भरलेली बाटली आणली होती, त्यांना बाण दिसलाच नव्हता, तो लेबलच्या कडेला असतो, काचेवर किंवा प्लास्टिकवर उठवलेला, बोट फिरवलं तर लागतो. गरम पाणी अजिबात नको. आणि प्रत्येक डोस काढायच्या आधी बाटली हलवायची, कारण हे विरघळलेलं नसतं, तरंगत असतं, थोड्या वेळात तळाला बसतं.

कालवलं की फ्रिजमध्ये, २ ते ८ डिग्री, खाली मधल्या कप्प्यात. दारात नको, सारखं उघडझाक होतं, आणि फ्रीझरमध्ये तर मुळीच नको. किती दिवस चालेल ते लेबलवर लिहिलेलं असतं, बहुतेकांवर ७ दिवस असतं, काहींवर १०. कालवल्याची तारीख पेनने लेबलवर लिहा. मुदत संपली की उरलेलं फेकायचं. मागच्या महिन्यातली उरलेली बाटली पुढच्या तापाला काढणं हा सगळ्यात वाईट प्रकार, रंगवास तसाच असतो पण आतलं क्लॅव्हुलॅनिक ॲसिड पाण्यात विघटित होऊन गेलेलं असतं. मुळात म्हणूनच हे पावडर म्हणून विकतात ना, पाण्यात टिकत असतं तर तयारच बाटली मिळाली असती.

जेवणाच्या सुरुवातीला दिलं तर क्लॅव्हुलॅनिक ॲसिड जास्त चांगलं शोषलं जातं आणि पोटही कमी बिघडतं. थोड्या दुधात किंवा रसात मिसळून लगेच दिलं तरी चालतं, पण एक-दोन घोटांतच. अख्ख्या बाटलीभर दुधात मिसळलं आणि तिने अर्धं सोडलं तर किती औषध गेलं हे कोणीच सांगू शकणार नाही. दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर साधारणपणे तेवढाच डोस परत देतात, त्यानंतर झाली तर परत द्यायचा नसतो. परत दिल्यावरही उलटी झाली तर डॉक्टरांना कळवा.

तुम्हाला गोळीच सोयीची वाटत असेल, प्रवासाला निघालाय, फ्रिज नाही, तर एक रस्ता आहे. याच औषधाच्या लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात, डिस्पर्सिबल, २०० आणि २८.५ अशा प्रमाणातल्या, म्हणजे तेच सातास एक. चमचाभर पाण्यात टाकली की मिनिटभरात फुटते, लगेच द्यायची, भांड्याला लागलेलं परत थोड्या पाण्याने विसळून तेही द्यायचं. पण त्यात डोस अर्ध्या नाहीतर पूर्ण गोळीतच बसवावा लागतो, म्हणून तो बदल डॉक्टरांनाच करू द्या.

सगळ्याच अँटिबायोटिक गोळ्या कुटायच्या नसतात हेही लक्षात असू द्या. ज्या गोळीवर एक्सआर, ईआर किंवा एसआर लिहिलंय ती हळूहळू औषध सोडायला बनवलेली असते, कुटली की सगळा डोस एकदम. सेफ्युरोक्झिमची गोळी कुटली तर इतकी कडू की मूल थुंकूनच टाकतं, शिवाय त्याचं सिरप आणि गोळी शरीरात सारखी शोषली जात नाहीत, २५० मिग्रॅच्या जागी २५० असा सरळ बदल तिथे चालतच नाही. डॉक्सिसायक्लीनची कॅप्सूल मोठ्यांनी भरपूर पाण्याबरोबर आणि बसून किंवा उभ्याने घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेत चिकटली तर जखम करते. व्हॅन्कोमायसिन तर सगळ्यात टोकाचं उदाहरण, तोंडाने घेतलं तर ते आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही, म्हणून आतड्यातल्याच एका विशिष्ट इन्फेक्शनला तोंडाने देतात आणि रक्तातल्या इन्फेक्शनला शिरेतून. नाव एक, पण एकाच्या जागी दुसरं दिलं तर उपचारच झाला नाही असं होतं.

आणि कान म्हटलं म्हणून सांगते, तुमच्या मुलीच्या कानात घरातले कुठलेही जुने कानाचे थेंब घालू नका. पडद्याला भोक असेल तर निओमायसिन, जेंटामायसिनसारखी औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात, आणि भोक आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, डॉक्टरांनाच आत बघावं लागतं. कानाचे थेंब डोळ्यात तर कधीच नाहीत, डोळ्यांचे थेंब निर्जंतुक बनवतात, कानाचे तसे असतीलच असं नाही.

आता ताप उतरल्याचा प्रश्न. ताप उतरणं म्हणजे औषध लागू पडलंय, जंतू संपलेत असं नाही. किती दिवस द्यायचं हे मात्र सगळ्यांना एकच नसतं, वय, आजार किती जोरात आहे, पडदा फुटलाय का, यावर डॉक्टर ५, ७ किंवा १० दिवस ठरवतात. पूर्वी आम्ही सगळ्यांना सरसकट कोर्स पूर्ण करा एवढंच सांगायचो, आता मी म्हणते की सांगितलेले दिवस पूर्ण करा आणि कमी करायचे असतील तर डॉक्टरांना विचारून करा, स्वतः ठरवू नका, तसंच वरून दोन दिवस जास्तही देऊ नका. साडेचार वर्षांच्या मुलीला सातच्या जागी चार दिवसांवर थांबवायचं हा निर्णय मी स्वतःच्या घरातही डॉक्टरांना फोन न करता घेणार नाही.

कशावर लक्ष ठेवायचं? एखाद-दोन पातळ जुलाब या औषधाने होतातच. पण अंगावर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला तर पुढचा डोस नाही, सरळ दवाखान्यात. रक्त पडणारे किंवा न थांबणारे जुलाब, डोळे पिवळे दिसणं, लघवी कमी होणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दाखवा. आणि दोन दिवस झाले तरी ताप किंवा ठणका हटला नसता तरी दाखवायला हवं होतं, तुमच्याकडे तसं नाहीये ही चांगली गोष्ट आहे.

तर आज रात्री असं करा. बाटलीतून निघाला तेवढा २ मिली तुम्ही दिलाच आहे, आत्ता दुकान उघडं असेल आणि तासाभरात तेच सिरप मिळालं तर नीट कालवून उरलेला २ मिली द्या. उद्या सकाळीच मिळणार असेल तर नेहमीच्या वेळेला नेहमीचाच ४ मिली, राहिलेलं भरून काढायला ६ मिली नाही. मिळालंच नाही किंवा दुसऱ्या स्ट्रेंथचं मिळालं तर डॉक्टरांना फोन करून तिचं वजन आणि लेबलवरचे दोन्ही आकडे वाचून दाखवा, ते एका मिनिटात नवे मिली सांगतील, आणि ते जुन्या कागदावरचे ४ मिली खोडून तिथेच लिहून ठेवा. त्या चार गोळ्या तिच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा आणि पुढच्या खेपेला मेडिकलमध्ये परत घेतात का विचारा, ६२५च्या उरलेल्या गोळ्या पुढच्या दाढदुखीला तुमच्याही कामाच्या नाहीत.